दुर्बीण घेण्याआधी
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी कविता लिहितो. कविता लिहिणाऱ्यानं दुर्बिणीवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. पण दुर्बीण घ्यायची कशी, हे मी एकदा पैसे घालवून आणि एकदा पैसे वाचवून शिकलो आहे. आणि शिकायची वेळ आली ती कवितेमुळंच.

काही वर्षांपूर्वी कळमनुरीला एका कविसंमेलनात मी कविता वाचली. तिच्यात चक्रवाकाची जोडी होती. रात्र झाली की या जोडीची ताटातूट होते, एक या काठावर आणि एक त्या काठावर, आणि रात्रभर दोघं एकमेकांना साद घालत राहतात, ही कल्पना संस्कृत काव्यापासून चालत आलेली. तीच मी घेतली होती. टाळ्या पडल्या. खाली उतरून चहाचा कप हातात घेतला, तर एक तरुण शिक्षक जवळ आले. शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यांवर पक्षी बघत फिरतात. म्हणाले, “चाचा, कविता छान झाली. एक विचारू? चक्रवाक पाहिलाय का तुम्ही?”

मी गप्प. पाहिला नव्हता.

“दर हिवाळ्यात येतो आपल्याकडं. सिद्धेश्वरच्या पाण्यावर दिसतो. तुमच्या उर्दूत त्यालाच सुर्खाब म्हणतात, ते तर तुम्हाला ठाऊकच असेल.”

तेही ठाऊक नव्हतं. सुर्खाब हा शब्द मात्र घरचा. लहानपणी ईदेला नवा सदरा घालून मी ऐटीत मिरवायला लागलो की आई म्हणायची, “तेरेकू क्या सुर्खाब के पर लगे हैं?” चक्रवाक मला मराठीच्या पुस्तकात भेटला आणि सुर्खाब आईच्या तोंडी. पन्नाशी ओलांडली तरी हे दोन्ही एकच पाखरू आहे, हे मला माहीत नव्हतं; कारण दोघांपैकी एकालाही मी पाहिलेलं नव्हतं. नुसत्या शब्दाच्या भरवशावर मी कविता लिहून मोकळा झालो होतो. ही गोष्ट मनाला फार लागली. त्याच रात्री ठरवलं, दुर्बीण घ्यायची आणि चक्रवाक बघायचा.

पण कशी घ्यायची, हे कुणाला विचारलं नाही. तीच चूक झाली. त्याच महिन्यात कामासाठी एका मोठ्या शहरात गेलो होतो. तिथल्या मैदानावर प्रदर्शन भरलं होतं. लोणची आणि चादरी यांच्या मधोमध दुर्बिणींचा एक स्टॉल. विक्रेत्यानं लालभडक काचांची एक दुर्बीण हातात दिली. “काका, शंभरपट मोठं दिसतं. मैलावरचा माणूस ओळखाल.” बाजूला एक खटका होता, तो सरकवला की चित्र आणखी जवळ येई. अठराशे रुपये मोजले आणि खुशीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो. समोरची पाण्याची टाकी बघितली, तर सगळं निळसर-हिरवट, अंधूक आणि सारखं थरथरणारं. एका टाकीच्या दोन टाक्या दिसायच्या, मग डोळ्यांना जोर दिला की एक व्हायची. दहा मिनिटांत डोकं ठणकायला लागलं. रोज हाच अनुभव. मला वाटलं, वय झालं, मोतीबिंदू आला. मनातून घाबरलोच. लिहिणं-वाचणं ज्याच्या जगण्याचा आधार, त्याला डोळ्यांची भीती फार मोठी असते. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, “डोळे चांगले आहेत. चष्म्याचा नंबर किंचित वाढलाय, तेवढंच. तुम्ही करता तरी काय?” मी पिशवीतून दुर्बीण काढली. त्यांनी ती खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबावर रोखली, आळीपाळीनं एकेक डोळा मिटून बघितलं आणि हसले. “हिच्या दोन नळ्या दोन दिशांना बघतायत. त्या जुळवायचं काम तुमच्या डोळ्यांना करावं लागतंय. डोकं दुखणार नाही तर काय!”

या प्रकारात एक अख्खा हिवाळा गेला. चक्रवाक आले आणि निघूनही गेले. मग मात्र मी त्या शिक्षकांचं घर गाठलं. त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं, “चाचा, जाहिरात ऐकू नका. अंगावरचे आकडे वाचा.”

तेच आकडे आज मला तुम्हाला वाचायला शिकवायचे आहेत.

प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ ८ × ४२. बोलताना ‘आठ-बेचाळीस’ म्हणायचं. पहिला आकडा म्हणजे वस्तू कितीपट जवळ आल्यासारखी दिसते ते. ८ असेल तर ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर बसल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे भिंग म्हणजे घराची खिडकी. खिडकी मोठी तर उजेड जास्त. आणि हा हिशेब व्यासाचा नसतो, क्षेत्रफळाचा असतो. म्हणून २५ मिलिमीटरच्या भिंगापेक्षा ४२ मिलिमीटरचं भिंग दुपटीहून जास्त, जवळजवळ पावणेतीनपट उजेड आत घेतं.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा असतो. याचं महत्त्व काय? आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर एवढी बारीक होते आणि अंधारात मोठी होते. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. माझ्या वयाला ती साधारण पाचाच्या आसपासच थांबते. म्हणजे दिवसा कुठलीही बरी दुर्बीण चालते. पण झुंजूमुंजू होताना किंवा दिवेलागणीला, जेव्हा पाखरं खरी दिसतात, तेव्हा पाचाच्या जवळपासचा गोल हवा. ८ × २१ ची खिशात मावणारी दुर्बीण घेतली तर हा गोल अडीच-पावणेतीनचाच येतो. मग संध्याकाळी सगळं काळवंडतं. उलट ७ × ५० ची दुर्बीण सात मिलिमीटरचा गोल देते. ती दर्यावर्दी लोकांना आवडते, कारण हलत्या बोटीवर, अंधारात डोळा थोडा इकडंतिकडं झाला तरी चित्र सुटत नाही. पण माझ्या बाहुलीत तो सगळा उजेड मावतच नाही. सांडलेल्या दुधाचे पैसे कशाला द्यायचे?

मग लोकांना वाटतं, आठापेक्षा दहा बरे, दहापेक्षा वीस बरे. इथंच फसगत होते. दुर्बीण पक्ष्याला दहापट मोठं करते, तशी आपल्या हाताची थरथरही दहापट मोठी करते. हातात धरून बघायची असेल तर ८ किंवा १०, बस्स. त्यापुढं तिकाटणं लागतं. दुसरं म्हणजे पट वाढली की नजरेत मावणारा मुलूख कमी होतो. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीत एक किलोमीटरवरचा साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. दहापटीच्या दुर्बिणीत तो शंभर-एकशेदहा मीटरवर येतो. उडता पक्षी त्या अरुंद पट्ट्यात सापडवता सापडवता तो झाडापलीकडं गेलेला असतो. आणि ‘शंभरपट’ लिहिलेल्या, खटका सरकवून पट वाढवायच्या स्वस्त दुर्बिणींबद्दल तर मी अठराशे रुपये भरून साक्ष दिलीच आहे.

आता आतली गोष्ट. भिंगातून आलेलं चित्र उलटं असतं. ते सुलटं करायला आत काचेचे लोलक बसवलेले असतात. १८५४ साली इग्नात्सिओ पोर्रो या इटालियन माणसानं अशा लोलकांच्या रचनेचं पेटंट घेतलं. पण तशी चांगली काच मिळायला पुढं बरीच वर्षं लागली. १८९४ साली जर्मनीत येना इथल्या झाइसच्या कारखान्यात अर्न्स्ट आबे यांच्या कामातून अशा दुर्बिणी विक्रीला तयार झाल्या. आजही त्या पोर्रोच्या नावानंच ओळखल्या जातात. त्यांचा आकार वळणाचा असतो. पुढची भिंगं एकमेकांपासून लांब, डोळ्याकडची जवळ. दुसरा प्रकार सरळ नळ्यांचा. त्याला ‘रूफ’ लोलकाची दुर्बीण म्हणतात. ती सुटसुटीत असते आणि पाण्या-धुळीपासून बंद करायला सोपी. पण तिचे लोलक फार बारकाईनं घडवावे लागतात आणि त्यांच्यावर खास लेप द्यावे लागतात. ते नसले तर चित्र मऊ पडतं, पिसांच्या रेघा एकमेकींत मिसळतात.

यातून मध्यम खिशाच्या माणसानं काय घ्यायचं? मध्यम म्हणजे किती, तेही बोलू. बाजारात दोन-तीन लाखांच्याही दुर्बिणी आहेत आणि हजाराच्या आतली खेळणीही आहेत. आपल्यासारख्यांचा मुलूख म्हणजे साधारण आठ ते वीस हजार. यातल्या खालच्या टोकाला असाल तर पोर्रो घ्या. तेवढ्याच पैशात रूफपेक्षा ती स्वच्छ चित्र देते. बारा-पंधराकडं जाता येत असेल तर रूफ बघा. पण माहितीपत्रकात लोलकावर ‘फेज कोटिंग’ आहे असं लिहिलेलं असेल तरच. कंपन्यांची नावं मी मुद्दामच घेत नाही. एकच कंपनी चांगल्याही बनवते आणि हलक्याही. नाव बघून फसता येतं, आकडे आणि काच बघून सहसा फसत नाही.

काच कशी बघायची? आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात हळद आली की व्यापारी पोत्यावरचं नाव बघत नाही. कांडं मोडतो आणि आतला रंग बघतो. दुर्बीण मोडता येत नाही, पण तिचा आतला रंग बघायच्याही युक्त्या आहेत.

पहिली युक्ती लेपाची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागं फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गळतो. म्हणून भिंगांवर अतिशय पातळ थर देतात. खोक्यावर नुसतं ‘कोटेड’ लिहिलं असेल तर एखाद-दुसऱ्या काचेवर एखादा थर असतो. ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक काचेवर अनेक थर. आपल्याला हे शब्द हवेत. पण शब्दांवरही विसंबू नका. पुढचं भिंग ट्यूबलाइटखाली धरा. नळीचं प्रतिबिंब पांढरंशुभ्र दिसलं तर लेप नाही. फिकट हिरवं किंवा जांभळं, मंद दिसलं तर लेप चांगला. आणि काच लाल गुंजेसारखी चमकत असेल तर नमस्कार करून पुढं चला. तो लेप लाल उजेड बाहेरच्या बाहेर परत पाठवतो, म्हणून तर मला टाकी निळी-हिरवी दिसत होती.

दुसरी युक्ती लोलकाची. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडं करा, सूर्य मात्र त्या बाजूला नको. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचे दोन छोटे गोल दिसतील. ते पूर्ण गोल असतील तर लोलकाची काच चांगली. तिला ‘बॅक-४’ म्हणतात. गोलाच्या कडा करड्या सावलीनं कापल्यासारख्या, चौकोनी दिसल्या तर काच हलकी किंवा लोलक लहान.

तिसरी युक्ती नळ्या जुळल्यात का ते बघायची. मला कुणी सांगितली असती तर माझा एक हिवाळा वाचला असता. लांबच्या विजेच्या तारेकडं किंवा इमारतीच्या आडव्या कडेकडं बघा. डोळे पाच-सहा सेकंद मिटा आणि झटकन उघडा. उघडल्याक्षणी दोन तारा दिसून मग त्या एक झाल्या, तर समजा की जुळवणी तुमचे डोळे करताहेत. ती दुर्बीण परत ठेवा.

चष्मेवाल्यांसाठी आणखी एक आकडा आहे. त्याला ‘आय रिलीफ’ म्हणतात. दुर्बिणीपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्याचं हे माप. चष्मा घालून बघायचं असेल तर ते किमान १५ मिलिमीटर हवं; सोळा-सतरा असलं तर उत्तम. नाहीतर भोकातून जत्रा बघितल्यासारखं मधलं तेवढंच दिसतं. डोळ्याकडच्या रबरी कडा चष्मेवाल्यानं खाली दुमडायच्या किंवा फिरवून आत घ्यायच्या. ज्यांचा नंबर फक्त जवळचा किंवा लांबचा आहे, त्यांना चष्मा काढूनही बघता येतं, कारण दुर्बिणीचं चाक तो फरक भरून काढतं. पण नंबर तिरपा, म्हणजे सिलिंडरचा, आणि जास्त असेल तर चष्मा ठेवलेलाच बरा.

वजनाचंही बघा. बेचाळीसच्या दुर्बिणी सहाशे-सातशे ग्रॅमच्या असतात. दुकानात हे काहीच वाटत नाही. गळ्यात अडकवून तीन तास बांधावर हिंडलं की मान बोलायला लागते. पट्टा रुंद घ्या. आणि आत नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. हवेतली ओल आत शिरत नाही, आतून भिंग धुरकटत नाही.

ही सगळी शिकवणी घेऊन मी पैसे जमवायला लागलो. बारा हजारांचा आकडा मनात धरला होता. घरात सांगितलं, तर बायको म्हणाली, “बारा हजार? चिड़ियां देखने कू?” तिचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. तेवढ्या पैशात तिचं शिलाईचं नवं मशीन आलं असतं, आणि त्यावर चार पैसे घरात आले असते. माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो की, जे मी कधी पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं लिहीत आलोय, आणि आता तसं लिहवत नाही. ती काही बोलली नाही. मशीन आधी आलं, दुर्बीण त्यानंतर वर्षभरानं. हा क्रम बरोबरच होता, असं मला आजही वाटतं.

बहिणीकडं पुण्याला गेलो तेव्हा तिथल्या दुकानात उभं राहून, ट्यूबलाइटपासून तारेपर्यंत सगळ्या परीक्षा घेऊन, आठ-बेचाळीस घेतली. घरबसल्या मागवणार असाल तर परत करायची मुदत आधी वाचा आणि खोकं आलं त्याच दिवशी या परीक्षा घ्या. मग दुर्बीण आपल्या डोळ्यांना लावून घ्यायची. प्रत्येकाचे दोन डोळे सारखे नसतात. उजवं पुढचं भिंग हातानं झाका, डाव्या डोळ्यानं लांबच्या पाटीवर मधलं चाक फिरवून चित्र स्पष्ट करा. आता डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. पुढं फक्त मधलं चाक फिरवायचं. कित्येकांच्या घरी चांगल्या दुर्बिणी या एका गोष्टीपायी बेकार पडून आहेत.

जानेवारीतल्या एका पहाटे मी आणि सर औंढा तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर गेलो. थंडी मी म्हणत होती. पाण्यावर नुसते करडे ठिपके. दुर्बीण लावली आणि पहिलं बदक दिसलं. तपकिरी, खवल्याखवल्यांचं. चोच काळी, पण टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखी पिवळी आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. सर म्हणाले, “हळदी-कुंकू बदक.” हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्यानं ते बदक नीट पाहिलं होतं. नुसत्या डोळ्यांनी मी ते जन्मभर ‘एक बदक’ म्हणून सोडून दिलं असतं.

मग सरांनी पलीकडच्या चिखलाच्या काठाकडं बोट केलं. दोन पाखरं शेजारीशेजारी उभी. अंग पिकल्या संत्र्यासारखं, केशरीकडं झुकलेलं; डोकं फिकं, सायीच्या रंगाचं. ऊन अंगावर पडलं तशी ती पेटल्यासारखी दिसली. थोड्या वेळानं उडाली, तेव्हा पंखांवरची पांढरी पट्टी चमकली, शेपटी काळी. आणि आईचं बोलणं एकदम आठवलं. सुर्खाबचे पर हे असे असतात! लडाख-तिबेटकडच्या उंच मुलखात विणीचा काळ घालवून हा पक्षी दर हिवाळ्यात आपल्या पाण्यांवर येतो. तो पुष्कळसा रात्रीचा चरतो आणि जोडीतले दोघं अंधारात एकमेकांना आवाज देत राहतात. ज्यांना आवाज ऐकू आला पण अंधारात जोडी दिसली नाही, त्यांनी ताटातुटीची गोष्ट रचली असावी, असं मला आपलं वाटतं. दिवसा मात्र दोघं हातभर अंतरावर, सुखात उभे होते.

सलीम अली यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. आपला हा मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांच्या पत्नी तहमिना या त्यांच्या अशा हिंडण्यात सोबत असत. १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस आणि ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. मराठी माणसाला पाखरांची नावं त्यांनी नुसती सांगितली नाहीत, ती पाहून, रानातल्या माणसांना विचारून सांगितली. पक्षी आधी पाहावा आणि मग लिहावा, हा धडा मी फार उशिरा घेतला.

दुर्बीण फक्त पक्ष्यांसाठी असते असंही नाही. आमच्या ओळखीचे एक शेतकरी माळ्यावरून रोह्यांचा कळप कुठल्या बाजूनं येतोय ते बघतात. आणि रात्री तर हीच आठ-बेचाळीस आकाशाची खिडकी होते. भिंतीला टेकून, हात स्थिर ठेवून गुरूकडं बघा. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनं पाहिलेले त्याचे चार चंद्र बारीक टिंबांसारखे दिसतात. कधी तीन, कधी चार. कृत्तिकांचे नुसत्या डोळ्यांना सहा तारे दिसतात, दुर्बिणीत मूठभर मोगरा उधळल्यासारखे डझनांनी. काळ्याभोर रात्री देवयानीतला तो धूसर डाग सापडला, तर तुम्ही पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड बघताय. शनीची कडी मात्र यात दिसणार नाही. त्यासाठी मोठी दुर्बीण लागते. आमच्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पाला केंद्र सरकारनं २०२३ साली २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं ते यंत्र आहे. विश्वाची चाहूल घ्यायला जगानं निवडलेल्या मोजक्या जागांपैकी एक आपल्या जिल्ह्यात असावी आणि आपल्या घरात साधी दुर्बीणही नसावी, हे काही बरं नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. सूर्याकडं दुर्बिणीतून कधीही, एका क्षणासाठीही बघू नका. ग्रहणात तर नाहीच नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि जळताना दुखतही नाही. मुलांच्या हाती दुर्बीण दिली तर शेजारी उभे राहा.

जपायची कशी? आपल्याकडं शत्रू दोन, धूळ आणि पावसाळी ओल. काळ्या मातीची धूळ काचेवर बसली की उपरण्यानं किंवा सदऱ्याच्या टोकानं पुसायचा मोह होतो. तसं केलं तर तीच धूळ लेप खरवडते. आधी रबरी पंपानं धूळ उडवा, मग भिंगाच्या मऊ कापडानं हलकेच पुसा. पावसाळ्यात चामडी पेटीत कोंडून ठेवू नका. काचेवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत विसरू नका.

गेल्या रमजानच्या एकोणतिसाव्या दिवशी आम्ही सगळे गच्चीवर होतो. साक्ष आपल्या डोळ्यांचीच द्यायची, असं आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग मानतात. पण नेमकं कुठं बघायचं हे दुर्बीण दाखवते. सूर्य पूर्ण बुडाल्यावर मी क्षितिजावरून दुर्बीण फिरवत होतो. बायकोनं ती माझ्या हातातून घेतली, चाक फिरवलं, जरा वेळ बघितलं आणि दुर्बीण खाली करून बोटानं दाखवलं, “वो देखो, खजूर के झाड़ के उप्पर.” नखाएवढी कोर होती. मग ती सगळ्यांना दिसली. बारा हजारांचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

ज्यांना एकट्याला एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी चौघांत मिळून एक घ्यावी. गावच्या शाळेनं एक घ्यावी. एक आठ-बेचाळीस नीट जपली तर वीस वर्षं सहज टिकते. तेवढ्या काळात किती पोरं हळदी-कुंकू बदकाला त्याच्या नावानं हाक मारतील, याचा हिशेब करा. ती जुनी कविता मी अजून मोडलेली नाही. पण वाचायची वेळ आली की आधी सांगतो, ही लिहिली तेव्हा मी चक्रवाक पाहिलेला नव्हता.